गोठलेली वाळू, नऊ मांजरं आणि न विकता येणारं औषध

दुकानात पाळीव प्राण्यांच्या वासावरच्या चकचकीत बाटल्यांची रांग पाहिली, की वाटतं यामागे पांढऱ्या कोटातल्या माणसांनी वर्षानुवर्षं आखून केलेलं संशोधन असणार. पडदा जरा बाजूला सारला तर मागे भलतीच मंडळी दिसतात: मांजरासाठी वाळू मागायला आलेली शेजारीण, सिगारेटी ओढणारा शास्त्रज्ञ आणि स्कंक नावाच्या प्राण्याने न्हाऊ घातलेलं एक मांजर. थोडक्या पैशांत घरातला वास कसा घालवायचा, हे समजायला त्यांचे किस्से पुरेसे आहेत.

शेजारणीला हवी होती वाळू

जानेवारी १९४७. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं कॅसोपोलिस गाव. मांजराच्या पेटीत घालायची वाळू थंडीने गोठली, म्हणून एका बाईने चुलीतली राख वापरून पाहिली. मांजराने घरभर काळी पावलं उमटवली. वैतागून ती एडवर्ड लो या शेजारच्या तरुणाकडे वाळू मागायला गेली. नौदलातून परतलेला लो वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यांत सांडलेलं तेल टिपून घ्यायला भुसा आणि माती पुरवायची, हा तो धंदा. त्याने वाळूऐवजी ‘फुलर्स अर्थ’ नावाची दाणेदार माती दिली. आपण तोंडाला लावतो त्या मुलतानी मातीच्याच जातीची. थोड्याच दिवसांत बाईला दुसरं काही चालेना.

लोने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर ‘किटी लिटर’ लिहिलं आणि ६५ सेंट किंमत सांगितली. वाळू मातीमोल मिळत असताना मातीला एवढे पैसे कोण देणार, असं दुकानदाराला वाटलं. ‘मग फुकट वाटा,’ लो म्हणाला. फुकट नेणारी गिऱ्हाईकं पुढे पैसे घेऊन परत आली. मांजरांच्या प्रदर्शनात जागा मिळावी म्हणून लो तिथल्या मांजरांच्या पेट्याही साफ करून द्यायचा.

यातलं आपल्या कामाचं सूत्र एवढंच: आधी टिपा, मग धुवा. गादीवर किंवा सोफ्यावर मांजर मुतलं तर जुन्या सुती पंचाने दाबून दाबून टिपून घ्या. घासलंत तर ते आणखी आत जातं. डाग वाळला की खायच्या सोड्याचा थर रात्रभर राहू द्या आणि सकाळी झटकून काढा. कुत्र्याच्या अंथरुणाला येणाऱ्या आंबूस वासावर सोडा चांगला चालतो, कारण त्या वासातली बरीचशी द्रव्यं आम्ल असतात. मुताचा नाकात जाणारा अमोनिया मात्र अल्कधर्मी. त्याला पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची हौस बऱ्याच जणांना असते. त्यात दोघं एकमेकांनाच संपवतात आणि वास तिथेच राहतो. शिवाय शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर व्हिनेगर नको. चुनखडीचा दगड आम्लाने खाल्ला जातो आणि चकाकी जाते.

नऊ मांजरांच्या घरातली मालकीण

दुसरा किस्सा चार्ल्स डुहिग यांच्या २०१२ सालच्या ‘द पॉवर ऑफ हॅबिट’ या पुस्तकात आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतला एक शास्त्रज्ञ भरपूर सिगारेटी ओढायचा. एक दिवस तो घरी गेला तर बायकोने विचारलं, सिगारेट सोडलीस का? त्या दिवशी तो प्रयोगशाळेत सायक्लोडेक्स्ट्रिनवर काम करत होता. स्टार्चपासून बनणारा हा रेणू वासाच्या रेणूंना आपल्या पोकळीत अडकवून ठेवतो. त्यातून ‘फब्रीझ’ हे वास घालवणारं औषध जन्मलं, पण सुरुवातीला ते खपेना.

कारण शोधायला कंपनीची माणसं फिनिक्स शहराजवळच्या एका घरी गेली. घरात नऊ मांजरं. दारातूनच असा भपकारा आला, की एकाला ओकारी आली. मालकिणीला विचारलं, वासाचं तुम्ही काय करता? ती म्हणाली, फारसा त्रास होत नाही. आत्तासुद्धा तिला काही जाणवत नव्हतं! ज्यांना औषधाची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच रोगाचा पत्ता नव्हता. शेवटी कंपनीने त्यात सुगंध वाढवला आणि साफसफाईनंतरचा शेवटचा हात म्हणून ते विकलं. मग ते धो धो खपलं.

तेव्हा आपल्या घराचा निकाल आपल्या नाकावर सोडू नये. चार दिवस गावाला जाऊन आलात, की दार उघडल्यावर पहिला श्वास काय सांगतो ते ऐका. नाहीतर तोंडावर बोलणाऱ्या एखाद्या मावशींना चहाला बोलवा.

बाटलीत न राहणारं औषध

तिसरा किस्सा पॉल क्रेबॉम या अमेरिकन रसायनतज्ज्ञाचा. प्रयोगशाळेतल्या गंधकयुक्त वायूंची दुर्गंधी मारायला ते अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत होते. एका सहकाऱ्याच्या मांजरावर स्कंकने फवारा सोडला. उत्तर अमेरिकेतल्या या प्राण्याच्या फवाऱ्यातही गंधकाचीच संयुगं असतात. क्रेबॉम यांनी आपल्या द्रावणाचं सौम्य रूप सुचवलं: साधारण एक लिटर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा, एक चमचा भांड्यांचा द्रवरूप साबण. १९९३ मध्ये ‘केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज’मध्ये ही कृती छापून आली.

मांजराच्या मुतातही गंधकाची संयुगं असतात, म्हणून गादीतल्या जुन्या डागावरही हे मिश्रण कामी येतं. मुतातलं युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणून नुसत्या पाण्याने धुतलेली गादी पावसाळी दमट हवेत पुन्हा बोलू लागते. औषधाच्या दुकानात आपल्याकडे बऱ्याचदा सहा टक्क्यांचं पेरॉक्साइड मिळतं. त्यात तेवढंच पाणी घाला. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा, रंग उडू शकतो. ब्लीच मात्र मुताच्या जवळपासही नको; अमोनियाशी मिळून त्यातून विषारी वायू निघतो.

मिश्रण दर वेळी ताजं करायचं आणि उरलेलं मोरीत ओतायचं. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो. झाकण लावलं तर बाटली फुटते. त्यामुळे क्रेबॉम यांच्या मिश्रणाला तयार बाटलीतून दुकानाच्या फळीवर जागा मिळाली नाही. जे भरून विकता येत नाही त्याची जाहिरात करायला कोण पैसे घालणार? ही कृती तोंडोतोंडी पसरत राहिली, आणि आजही ती फुकटच मिळते.