तारे बघणाऱ्यांची धुराची वही

महिनाअखेरीस पैसे पुरेनासे झाले, की घरातली बाई आधी वही काढते. किराणा किती, दूध किती, पाहुण्यांवर किती. आकडे समोर आले, की हात कुठे आखडायचा ते आपोआप कळतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खगोलशास्त्रज्ञांनी अगदी हेच केलं. फक्त त्यांची वही पैशांची नव्हती, धुराची होती.

तारे बघणाऱ्यांचा कसला आलाय धूर, असं वाटेल. पण तिथल्या माक्स प्लांक संस्थेने २०१८ या वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा एकेका संशोधकाच्या वाट्याला सुमारे १८ टन कार्बन डायऑक्साइड आला. त्यातला जवळजवळ निम्मा विमानप्रवासाचा! परदेशातल्या परिषदा, दूरदेशीच्या दुर्बिणी. त्याखालोखाल वीज. तीही दिव्या-पंख्यांपेक्षा जास्त, रात्रंदिवस गणितं सोडवणाऱ्या अवाढव्य संगणकांची.

मग काटकसर करायची कुठे? वाट दाखवली ती कोरोनाने. युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांची वार्षिक परिषद २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंला भरली होती. बाराशेहून जास्त जण आले-गेले, त्याचा धूर झाला १,८५५ टन. २०२० मध्ये सगळे घरबसल्या पडद्यावर भेटले. माणसं सतराशेवर गेली आणि धूर? अवघा ५८२ किलो!

अर्थात, चहा पिता पिता होणाऱ्या ओळखी पडद्यावर होत नाहीत. नवख्या मुलामुलींना तर त्या ओळखीच पुढे नेतात. पण मैत्रिणींनो, जिच्या मांडीवर तान्हं बाळ आहे किंवा जिच्याकडे तिकिटापुरते पैसे नाहीत, तिच्यासाठी त्याच पडद्याने दार उघडलं, हेही खरं. म्हणून दोन्हींचा मेळ घालायचा. जवळच्या गावी रेल्वेने जायचं, लांबचा प्रवास मोजकाच करायचा.

विजेचंही तसंच. चिलीच्या वाळवंटातल्या पारानाल वेधशाळेसाठी २०२२ मध्ये सौरऊर्जा प्रकल्प सुरू झाला. रात्री तारे पाहणाऱ्यांच्या मदतीला दिवसाचा सूर्य धावून आला म्हणायचा!

या मंडळींनी आजवर दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे हजारो ग्रह शोधले. पण उठून राहायला जावं, असं दुसरं घर त्यांना अजून सापडलेलं नाही. आहे ते सांभाळायला हवं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?