राखणीला गिनी कोंबडी ठेवताय?

गोविंदपंत बुंदेल्यांच्या खेर घराण्याची जहागीर म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असलेलं गुरसराय झाशी जिल्ह्यात आहे. बुंदेलखंडातल्या अशा गावांत परसातल्या कोंबड्यांवर दिवसा मुंगूस आणि शिक्रा टपलेला असतो, रात्री रानमांजर आणि कोल्हा. त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे कळपात आवाजी पक्षी सोडायचे. उपाय चांगला आहे, पण त्याबद्दलच्या समजुती तपासून घ्यायला हव्यात.

पहिली समजूत अशी की, गिनी कोंबडी धोका ओळखूनच ओरडते. मूळची आफ्रिकेतली ही ठिपकेदार कोंबडी अनोळखी माणूस, कुत्रा, वाऱ्यावर उडालेली पिशवी अशा कशावरही कलकलाट करते. मादीची दोन तुकड्यांची हाक तर काहीही घडलेलं नसताना चालू असते. त्यामुळे कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता घाबरल्याचा, हे मालकालाच ऐकून ऐकून शिकावं लागतं. एकटी ठेवली तर ती सोबत्यांसाठी ओरडत राहते. ती थव्यानेच पाळावी.

ती साप मारते, मुंगसाला पळवते, हेही ऐकायला मिळतं. थवा एखाद्या लहान सापाला टोचेल, पण मुंगूस किंवा रानमांजर तिला सहज मारतं. तिला अंधारात नीट दिसत नाही, आणि गवतात घरटं करून 26 ते 28 दिवस अंडी उबवणारी मादी तर हमखास सावज ठरते. ती फक्त खबर देते.

रात्रीच्या राखणीला हंसबदक अधिक जागं. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनच्या व्हिस्की गोदामांवर 1959 पासून 2012 पर्यंत हंसबदकांचाच पहारा होता.

मोर किंवा टिटवी मात्र पाळू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

सर्वांत मोठा गैरसमज आपल्याच कोंबड्याबद्दल आहे. त्याला आरवण्यापलीकडे काही कळत नाही, असं मानलं जातं. प्रत्यक्षात आकाशातल्या शिकाऱ्यासाठी तो एक हाक देतो आणि जमिनीवरच्यासाठी वेगळी. ख्रिस इव्हान्स आणि पीटर मार्लर यांच्या गटाने 1993 मध्ये या हाका ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवल्या. समोर शिकारी नव्हताच. तरी पहिल्या हाकेला कोंबड्या आडोशाला पळाल्या, अंग चोरून बसल्या. दुसरीला माना उंच करून आजूबाजूला पाहू लागल्या. परसात घार फिरली की हे कुणालाही दिसेल: खाणं थांबतं, मान कलते, एक डोळा वर लागतो. ज्याच्या कळपात सावध नर आहे, त्याच्याकडे अर्धी राखण आधीच आहे.

तरीही गिनी कोंबडी हवी असेल, तर उत्तर प्रदेशातच बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे; कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी हे वाण तिथलेच. झाशीकरांनी भरारीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. मात्र पिल्लं आणण्याआधी खुराड्याला बारीक जाळी आणि पक्की कडी लावा, आणि दिवेलागणीला दार न चुकता बंद करा.