टी-शर्ट चित्ररचनेची समीक्षा

टी-शर्टवर छापण्यासाठी केलेल्या चित्राचे वा अक्षररचनेचे गुणदोष, तसेच अशा रचनांसाठी भरवल्या जाणाऱ्या स्पर्धांच्या विषयांची योग्यायोग्यता तपासणे म्हणजे टी-शर्ट चित्ररचनेची समीक्षा होय. इ.स. २००० मध्ये जेक निकेल आणि जेकब डीहार्ट यांनी अमेरिकेत थ्रेडलेस हा उपक्रम सुरू केला. कोणीही रचना पाठवावी, इतरांनी तिला गुण द्यावेत आणि निवडलेली रचना छापून विकली जावी, अशी तेथील पद्धत होती. अशा स्पर्धांमुळे ही चर्चा छापखान्याबाहेर पडून ग्राहकांपर्यंत पोहोचली.

रचनेतील दोष

बहुतेक दोषांचे मूळ एकच असते. चित्र पाहिले जाते ते संगणकाच्या सपाट पडद्यावर. वापरले जाते ते हलत्या अंगावर. पडद्यावर मधोमध शोभणारे चित्र प्रत्यक्षात पोटावर उतरते, तर केसासारख्या बारीक रेषा कापडाच्या विणीत हरवतात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये सामान्यतः प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते. गडद कापडावर रंग उठून दिसावा म्हणून त्याखाली पुष्कळदा पांढऱ्या शाईचा थरही द्यावा लागतो. त्यामुळे दहा-बारा रंगांचे चित्र महाग पडते आणि एखादी जाळी किंचित सरकली तरी कडा दुभंगतात. छातीभर शाईचा सलग थर असेल, तर कापड ताठ होते, हवा खेळत नाही आणि घाम साचतो. उन्हाळ्यात असा शर्ट कपाटातच राहतो, मग त्यावरील चित्र कितीही सुंदर असो.

अनुकरण हा दुसरा मोठा दोष. ॲमस्टरडॅम येथील एक्सपेरिमेंटल जेटसेट या गटाने २००१ मध्ये बीटल्सच्या चार सदस्यांची केवळ नावे एकाखाली एक मांडून टी-शर्ट तयार केला. त्या मांडणीची पुढे जगभर असंख्य विडंबने झाली. मूळ कल्पनेतील नेमकेपणा त्यांपैकी थोड्यांतच आढळतो.

देवनागरी मजकुरात आणखी एक दोष दिसतो, आणि तो अक्षम्य मानावा असा आहे. भारतीय लिप्यांची जुळणी न करणाऱ्या आज्ञावलीत ‘महाराष्ट्र’मधील जोडाक्षर सुटे होऊन पायमोडके दिसते, पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते आणि रफार चढतच नाही. छपाईपूर्वी भाषा जाणणाऱ्याने नमुना वाचला, तर हे सहज टळते.

स्पर्धेचे विषय

‘पृथ्वी वाचवा’ यांसारखा विषय उत्तरही सोबतच सुचवतो. मग तळहातावरचा पृथ्वीगोल आणि त्यातून उगवलेले रोप यांचीच चित्रे ढिगाने येतात. अगदी मोकळा विषय दिल्यास प्रवेशिकांची तुलना करणे कठीण होते. ‘फक्त दोन रंग’ यांसारखे बंधन तुलनेने अधिक फलदायी ठरते, कारण ते आशयाऐवजी साधनांवर असते.

स्पर्धांच्या स्वरूपावरही आक्षेप आहेत. निवड न झालेल्यांचे श्रम विनामूल्य जातात. नियमांत सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे जातील असे कलम असल्यास, पारितोषिक न मिळालेली रचनाही चित्रकाराला अन्यत्र विकता येत नाही.