फ्रीज सारखा चालू राहतोय? गॅस भरण्याआधी दाराचं रबर तपासा

फ्रीजची घरघर थांबेना, की ‘गॅस संपला असेल’ असं पटकन वाटतं. पण हा गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठेतरी गळती असते. रत्नागिरीसारख्या समुद्राकाठच्या शहरात त्याआधी संशय घ्यावा तो दमट हवेवर.

30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम वाफ असते. 250 लिटरच्या फ्रीजमधली सगळी हवा दार उघडल्यावर बदलली, तर 6 ग्रॅम वाफ आत शिरते. त्यातली बहुतेक आत गेल्यावर पाणी किंवा बर्फ होते आणि तसं होताना उष्णता सोडते. ही उष्णता, ती हवा 4 अंशांपर्यंत थंड करण्यासाठी काढाव्या लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपास दीडपट भरते. म्हणजे कोरड्या हवेच्या गावापेक्षा इथे दार उघडणं महाग पडतं. दाराचं रबर सैल असेल तर ही वाफ दिवसरात्र आत येत राहते.

तपासणी सोपी आहे. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. अलगद निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी हे करून पाहा. बऱ्याचदा रबराच्या घडीत मळ आणि काळी बुरशी साचलेली असते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्यावर ते पुन्हा चिकटतं. फाटलेलं किंवा कडक झालेलं रबर मात्र बदलावं लागतं.

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड बर्फ साचला, तर डीफ्रॉस्टचं बटण दाबा. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं तर खरोखरच गॅस जातो. मागे काळी जाळी असेल, तर प्लग काढून तिच्यावरची धूळ झाडा. खाऱ्या दमट हवेत ती घट्ट चिकटते. जाळी नसलेल्या अनेक मॉडेलांत बाजूचे पत्रेच गरम होतात. तो बिघाड नाही, फक्त भिंतीपासून अंतर हवं. आटवलेला आमरस पूर्ण निवल्यावरच आत ठेवा.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मंद गतीने बराच वेळ चालतो, तशी त्याची रचनाच आहे. पण ‘टक्’ आवाज करून काही सेकंदांत बंद पडणं, पुन्हा सुरू होणं हे वेगळं दुखणं: कमी व्होल्टेज, रिले किंवा कॉम्प्रेसर. तिथे मेकॅनिकच हवा.

गळतीची शंका कधी घ्यायची? कॉम्प्रेसर अखंड चालतोय, तरी मासळी नीट गोठत नाही आणि साध्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतोय, अशा वेळी. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमधला आर-600ए हा गॅस ज्वलनशील असतो, म्हणून काम प्रशिक्षित माणसाकडेच द्या. गळती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरून घेऊ नका, तो पुन्हा जाणार आणि पैसेही.