वर्गात डिजिटल पॅनेल आलं. पण मूल वाचतं तेव्हा ऐकतं कोण?

एक साधा हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक असायला हवा. तास ३५ मिनिटांचा धरला आणि बाईंनी प्रत्येक मुलाकडून फक्त एक मिनिट मोठ्यानं वाचून घेतलं, तरी ३० मिनिटं तिथेच संपतात. उरलेल्या पाच मिनिटांत फळा पुसायचा, वह्या काढायला सांगायच्या आणि नवीन काही शिकवायचंही.

म्हणून बहुतेक वर्गांत एक मूल वाचतं, बाकीची मागून एका सुरात म्हणतात. त्या सुरात कोण खरंच वाचतंय आणि कोण नुसतं ओठ हलवतंय, हे कळत नाही. वर्गातली डिजिटल साधनं या अडचणीवर काही उपाय करतात का, हा या लेखाचा विषय आहे.

या पट्ट्यात हा प्रश्न जास्त टोकदार का?

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती, २०११ च्या जनगणनेत ती १७ लाखांवर गेली. भोसरी, आकुर्डी, तळवडे, पुढे म्हाळुंगे, चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला तशी कामगारांची कुटुंबं येत राहिली. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून, कर्नाटकातून. त्यामुळे इथल्या पहिलीच्या वर्गात काही मुलांच्या घरी मराठी बोलली जाते, काहींच्या घरी भोजपुरी, काहींच्या घरी कन्नड. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्याही आहेत. शिवाय २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला. म्हणजे मराठी लिहा-वाचायला शिकणाऱ्या मुलांमध्ये घरात मराठी न ऐकलेली मुलंही मोठ्या संख्येनं आहेत.

उपकरणांच्या बाबतीत मात्र हा पट्टा इतर ग्रामीण भागांपेक्षा नशीबवान म्हणायचा. स्मार्ट सिटी योजनेतून महापालिकेच्या शाळांत ई-क्लासरूम उभारल्या गेल्या. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर, म्हणजे सीएसआरवर खर्च करावी लागते. शिक्षण हा त्यातला एक मान्य विषय आहे आणि कारखाने शेजारीच आहेत. पॅनेल बसवलं की फोटो निघतो, संख्या अहवालात लिहिता येते. तिसरीतल्या किती मुलांना आता गोष्ट वाचता येते, हा आकडा तितक्या सहज निघत नाही. त्यामुळे खर्च कशावर होतो, हे ओळखणं अवघड नाही.

वाचता येतं म्हणजे नेमकं काय?

केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, असा मापदंड त्यात आहे. (मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. हिंदीतले 'स्कूल से' हे दोन शब्द मराठीत 'शाळेपासून' असा एकच लांब शब्द होतात. त्यामुळे ६० मराठी शब्द वाचणं जरा जास्तच मेहनतीचं. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत भाषेनुसार वेगवेगळे मापदंड ठरवले गेले, ते याच कारणानं.)

प्रत्यक्षातलं चित्र 'असर' अहवालात दिसतं. दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी तिसरीतली मुलं देशभरात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये हा आकडा २०.५ वर घसरला आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर आला. हे सर्वेक्षण फक्त ग्रामीण भागात होतं. त्यामुळे चाकणच्या आसपासची गावं त्याच्या कक्षेत येतात, पिंपरी-चिंचवड शहर येत नाही.

दरम्यान, राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. पुनर्परीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं. तिसरीत वाचन कच्चं राहिलेल्या मुलाला दोन वर्षांनी परिसर अभ्यासाची प्रश्नपत्रिकाही वाचता येत नाही.

क्यूआर कोड, पॅनेल आणि ऐकणारं ॲप

'डिजिटल शिक्षण' या एकाच शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली गोष्ट पुस्तकातल्या क्यूआर कोडची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. ही कल्पना पुढे राज्यानं स्वीकारली आणि २०२० मध्ये डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळालं. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड स्कॅन केला की 'दीक्षा'वरचा व्हिडिओ उघडतो. अडचण फोनची आहे. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्या साधारण एक चतुर्थांश मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. औद्योगिक पट्ट्यात याचं कारण सरळ आहे. वडील फर्स्ट शिफ्टला गेले की फोनही कंपनीत जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे पॅनेल. गोष्टीची चित्रं मोठी दिसतात, कविता चालीत ऐकू येते, घरी मराठी न ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर भाषा पडते. हा फायदा खरा आहे. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ पासूनच्या मोफत संग्रहातली मराठी पुस्तकं पॅनेलवर उघडली, तर छोट्या गावातल्या वर्गालाही रोज नवं पुस्तक मिळू शकतं. पण पॅनेल बोलतं आणि मुलं ऐकतात. सुरुवातीच्या हिशेबातली ३० मिनिटं त्यानं वाचत नाहीत.

तिसऱ्या प्रकारचं साधन मात्र थेट त्या हिशेबालाच हात घालतं. गूगलनं मार्च २०१९ मध्ये भारतात 'बोलो' हे ॲप आणलं. त्याचंच नाव पुढे 'रीड अलाँग' झालं आणि त्यात मराठीही आली. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप आवाज ओळखतं, चुकलेला शब्द दाखवतं आणि अडल्यास उच्चारून देतं. इंटरनेट नसतानाही चालेल अशी त्याची रचना होती. पाच टॅब असतील तर पाच मुलं एकाच वेळी वाचू शकतात आणि बाई सहाव्या मुलाजवळ बसू शकतात.

पण यंत्राला मराठी कितपत कळते?

इथे खरी गुंतागुंत सुरू होते. मराठीत 'चंद्र' आणि 'चमचा' या शब्दांतला च एकच लिहिला जातो, पण उच्चार दोन आहेत. हिंदी घरातून आलेलं मूल दोन्ही एकसारखे म्हणतं. 'पाणी' बघून 'पानी' वाचणारी मुलं तर मराठी घरांतही भरपूर. हे मूल अक्षर ओळखतं, अर्थही जाणतं, फक्त बोली वेगळी आहे. शिक्षिकेला हे क्षणात कळतं. यंत्रानं 'चूक' म्हटलं, तर मुलाला वाटतं आपल्याला वाचताच येत नाही. यंत्रानं सगळंच 'बरोबर' धरलं, तर खरी चूकही निसटते. म्हणून ॲपचे गुण थेट प्रगतिपुस्तकात लिहिणं धोक्याचं आहे.

दुसरी अडचण दिसण्यातली. मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. राज्य सरकारनं २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठी वर्णलेखनाबद्दल शासन निर्णय काढले, त्यांत ही वळणं ठरवून दिलेली आहेत. पण युनिकोडमध्ये 'ल'ला एकच क्रमांक आहे, तो कसा दिसेल हे फॉन्ट ठरवतो आणि अनेक फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. म्हणजे बाई फळ्यावर एक 'ल' काढतात आणि पॅनेलवर दुसराच दिसतो. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. पहिलीतल्या मुलासाठी ती दोन वेगळी अक्षरं असू शकतात. (हा लेख ज्या मोबाइलवर वाचताय, त्यावर 'ल' कुठल्या वळणाचा आहे, एकदा बघा.)

मुळात देवनागरी शिकायला वेळ लागतो. बाराखडी, जोडाक्षरं, 'र'ची तीन-चार रूपं आणि व्यंजनाच्या आधी लिहिली जाणारी पण नंतर उच्चारली जाणारी पहिली वेलांटी. पालघरमधल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. अनेक मुलं तिसरीपर्यंतही अक्षरांवरच अडकलेली आढळली. २६ अक्षरांच्या इंग्रजीसाठी बनलेल्या ॲपचं नुसतं मराठी भाषांतर केलं, तर हा भाग त्यात येतच नाही.

लिहिण्याचं काय?

लेखनाच्या बाबतीत पुरावा बराच स्पष्ट आहे आणि तो पेन्सिलच्या बाजूनं आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात २०१२ मध्ये वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक छोटा प्रयोग झाला. मुलांनी काही अक्षरं हातानं काढली, काही टाइप केली, काही ठिपक्यांवरून गिरवली. नंतर ती अक्षरं बघताना मेंदूतला वाचनाशी जोडलेला भाग सक्रिय झाला तो हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळी. टाइप केलेल्या किंवा गिरवलेल्या अक्षरांच्या वेळी तसं झालं नाही. टॅबवर बोटानं 'क' गिरवणारी ॲप सध्या खूप लोकप्रिय आहेत, म्हणून हे ध्यानात ठेवायला हवं. मोबाइलच्या कीबोर्डवर तर दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द तयारच मिळतो.

आजवरचे प्रयोग काय सांगतात?

'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभर गाजलेल्या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातच झाला. रायगडमधल्या कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या वस्तीच्या शाळेत. मोहीम भारतात फार पुढे गेली नाही. पेरू देशानं मात्र लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये त्याचं मूल्यमापन झालं, तेव्हा भाषा आणि गणितात फरक पडलेला आढळला नाही.

याउलट दिल्लीत 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे साडेचार महिन्यांत मुलांची हिंदी आणि गणित दोन्हींत लक्षणीय प्रगती झाली. हे सॉफ्टवेअर इयत्ता न बघता मुलाची खरी पातळी शोधून तिथून प्रश्न देत होतं. ही मुलं सहावी ते नववीची होती आणि शाळेनंतर केंद्रावर येत होती, त्यामुळे पहिली-दुसरीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांमध्ये लोकांच्या मतदानातून दिला जाणारा पुरस्कार मिळाला. या शाळेची ओळख आहे 'विषयमित्र' पद्धत. वेगवेगळ्या वयाची मुलं एकमेकांना शिकवतात. चौथीतली मुलगी पहिलीतल्या मुलाशेजारी बसून त्याचं वाचन ऐकू लागली, तर ३० मिनिटांचा तो हिशेब वेगळा होतो. पाच टॅब आणि विषयमित्र एकाच वर्गात असायलाही काही हरकत नाही.

पालकांनी घरी काय तपासावं?

'असर'ची मराठी वाचन चाचणी एका कागदावर मावते आणि कुणालाही वापरता येते. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या छोट्या परिच्छेदापासून करायची. तो नीट वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. परिच्छेदावर अडलं तर सुटे शब्द दाखवायचे, पाचपैकी चार बरोबर आले की ते मूल 'शब्द' पातळीवर. तेही जमले नाहीत तर सुटी अक्षरं. सेकंड शिफ्टला निघण्याआधी पाच मिनिटांत हे होतं. मूल कुठे थांबलं ते कागदावर तारखेसह लिहून ठेवायचं आणि पुढच्या पालकसभेला तोच कागद बरोबर न्यायचा.