रडता रडता हसू आलं तर

‘आफ्टर लाइफ’ ही रिकी जर्वेसची इंग्लंडमधली मालिका २०१९ ते २०२२ या काळात नेटफ्लिक्सवर आली. टोनीची बायको कॅन्सरने गेलीय. तो गावच्या छोट्या वर्तमानपत्रात काम करतो, समोर येईल त्याला टोचून बोलतो आणि घरी तिचे व्हिडिओ बघत बसतो.

काहींना ही मालिका अगदी आपली वाटली. काहींना शिव्या खटकल्या, तर काही म्हणाले, तिसऱ्या सीझनलाही टोनी तिथेच! आम्हाला दोन्ही पटतं. गोष्ट पुढे सरकावी असं बघणाऱ्याला वाटतं. दुःख मात्र फिरून त्याच जागी येतं. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय, त्यांना हे ठाऊक असतं.

टोनीला धीर मिळतो तो दफनभूमीतल्या बाकावर, अ‍ॅन नावाच्या विधवेशी बोलताना. त्याची आठवण म्हणून २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये २५ बाक देण्यात आले.

आपल्याकडे तेरावं झालं की पाहुणे पांगतात. खरी गरज तेव्हा असते. अशा वेळी शेजारणीजवळ जाऊन बसा. बोलता बोलता ती हसली, तर ‘विसरली वाटतं’ असं मात्र म्हणू नका.