पांढरे करडे, काळेही करडे

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुलांना पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे उभे करून आम्ही फोटो काढला. भिंत मळकट आली आणि चेहरे काळवंडले. सावळ्या मुलांचे तर नाकडोळेही दिसेनात. "सर, यात मी कुठे आहे?" असे एकीने विचारले, तेव्हा आम्ही कॅमेऱ्याला दोष दिला. चूक आमची होती.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. हा प्रकाश वस्तू पांढरी आहे म्हणून जास्त आला, की तिच्यावर ऊन भरपूर आहे म्हणून, हे त्याला कळत नाही. त्यामुळे तो गृहीत धरतो, की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवते. झाडे, माती, माणसे असलेल्या दृश्यात हा अंदाज चालून जातो. पांढरा कागद मात्र सुमारे ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. मापकाला वाटते, उजेड पाचपट आहे! तो प्रकाश कमी घेतो आणि कागद करडा होतो. काळ्या कापडाचे नेमके उलटे. प्रकाश जास्त घेतला जातो आणि कापड धुरकट दिसते.

वर्गात करून पाहा. खिडकीजवळ पांढरा कागद आणि काळे कापड ठेवा. फ्लॅश बंद करून, पूर्ण चौकट भरेल असा एकेकाचा फोटो घ्या. दोन्ही फोटो बरेचसे सारखे करडे येतील. काही नवे फोन ही चूक थोडीफार सुधारून घेतात.

उपाय सोपा, पण मनाला उलटा वाटणारा आहे. पांढऱ्यासाठी प्रकाश वाढवायचा, काळ्यासाठी कमी करायचा. कॅमेऱ्यावर त्यासाठी + आणि − अशी सोय असते. अनेक मोबाइलवर पडद्याला बोट लावले की छोटा सूर्य दिसतो, तो वरखाली सरकवायचा. +१ म्हणजे प्रकाश दुप्पट, +२ म्हणजे चौपट. पांढऱ्या कागदाला साधारण +१.५ ते +२ पुरते. त्याहून वाढवले तर पांढऱ्या कपड्याच्या चुण्याही नाहीशा होतात.

त्याच भिंतीपुढे आम्ही +१.५ ठेवून पुन्हा फोटो घेतला. भिंत पांढरी आली आणि ती मुलगी स्वतःला सापडली.

आता मुलांना विचारा: काळ्या आकाशातला पौर्णिमेचा चंद्र फोटोत नुसता पांढरा ठिपका का दिसतो? त्यावरचे डाग कुठे जातात?